बिनबाणाची शिकार

आमच्या आयर्लंडमधल्या, मलिंगार गावातल्या घरात स्वयंपाक बाबा करायचे आणि शिकारीला आई जायची. हे वाक्य मी आजवर बऱ्याच लोकांना सांगून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी ते दोनदा सांगावं लागतं. ती शिकार धनुष्यबाणाची होती आणि तीत बाण नसायचा, हे तर मी सहसा सांगतच नाही. समोरच्याचं जेवण थंड होतं.

आई तिथल्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. सांगलीहून ती एकटी पुढे आली, घर बघितलं, चादरी घेतल्या आणि मग मला आणि बाबांना बोलावून घेतलं. बाबा सांगलीत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मॅनेजर होते. ते आत आले की चहा सांगितला जायचा, कुणी सांगितला हे कुणालाच कळायचं नाही. इथे ते शोभाचे मिस्टर झाले. आम्ही आलो आणि देशात मंदी आली. बाबांनी या दोन गोष्टींचा संबंध कधी जोडला नाही, पण आमच्या कॉलनीतली निम्मी घरं खिडक्या बसायच्या आधीच अर्धवट सोडून बिल्डर निघून गेला होता आणि बाबा सकाळी चहाचा कप घेऊन त्या रिकाम्या घरांकडे बघत उभे राहायचे. नोकरी कुठेच नव्हती. तिथे जन्मलेल्यांनाही नव्हती, त्यामुळे ट्रॅक्टर विकणाऱ्या सांगलीकराची कुणी वाट बघत नव्हतं.

तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, ज्याला तिथे सगळे हॉट प्रेस म्हणतात आणि ज्यात बाकीचे लोक टॉवेल ठेवतात, त्यात बाबांचं दही लागायचं. आंबोळ्यांचं पीठही तिथेच फुगायचं, त्यामुळे आमच्या टॉवेलांना कायम किंचित आंबूस वास असे. फोडणी पडली की छतावरचा धुराचा अलार्म कोकलायचा. मग मी खुर्चीवर चढून, जेवणाच्या टेबलावरची मासिकं उचलून त्याच्याखाली वारा घालायचे आणि बाबा खालून ओरडायचे, "घाल, घाल, मोहरी अजून तडतडायचीय." माझ्या त्या वर्षांचा आवाज कुणी विचारला तर तो हाच आहे. मी या सगळ्याला उत्तरं इंग्रजीत द्यायचे, तेही मलिंगारच्या हेलात. मराठी मला कळायची, पण ती बोलणं म्हणजे शाळेचा गणवेश काढून नऊवारी नेसण्यासारखं वाटायचं. आता इतक्या वर्षांनी मी हे मराठीत लिहिते आहे याची मलाच गंमत वाटते.

आईचा उजवा खांदा त्याच सुमारास धरला. पेशंट उचलून उचलून धरला होता. हॉस्पिटलात नूला नावाची फिजिओथेरपिस्ट होती, उंच, पांढऱ्या केसांची, कायम बुटांना चिखल लागलेली. तिनं महिनोन्महिने आईचा खांदा वाकवला, फिरवला, सोडवला आणि शेवटी म्हणाली, "आता हा वापरात ठेवायचा. रबराचे पट्टे ओढ, नाही तर पोहायला जा." आईनं विचारलं, तुम्ही काय करता? नूलानं रविवारी बोलावलं. आई गेली आणि संध्याकाळी गालावर दोरीचा वळ घेऊन परत आली.

नूलाचा धनुर्विद्येचा क्लब होता. गावाबाहेरच्या एका जंगलात त्या लोकांनी फोमचे प्राणी उभे केले होते. अस्वल, रानडुक्कर, हरणं, आणि एका डबक्याशेजारी, मला आजही कारण माहीत नाही, एक मगर. झाडांतून चालत जायचं, प्राणी दिसला की बाण मारायचा, बाण उपसून पुढच्या प्राण्याकडे जायचं. बाबांना हे समजावून सांगताना आई चपाती खात होती.

"म्हणजे खेळण्यातला प्राणी," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि खरा बाण."

"हो."

"आणि यानं खांदा बरा होतो."

"झालाय," असं म्हणून आईनं उजव्या हातानं वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा काढला. वर्षभर तो डबा मीच काढत होते.

नूला तरुणपणी बरीच वर्षं अमेरिकेत मोन्टानाला होती आणि तिथे ती धनुष्यबाणानं एल्कची शिकार करायची. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर समजावं. आई तर शेवटपर्यंत त्याला सांबरच म्हणायची. नूला आमच्याकडे जेवायला आली की बाबांचा रस्सा भुरकत, नाक पुसत, ते सगळं सांगायची. पाठीवर तंबू घेऊन डोंगरात आठवडाभर राहायचं. पहाटे नर शीळ घालतो ती ऐकायची आणि तिच्या मागे दोन दऱ्या ओलांडायच्या. बंदूकवाला लांबूनच काम उरकतो, पण बाण मारायचा तर जनावराचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ जावं लागतं. वारा फिरला की संपलं. मारलं तर मांस स्वतःच्या पाठीवरून खाली आणायचं, त्याला दोन-तीन फेऱ्या लागतात. बहुतेक वर्षी काहीच मिळत नाही. "आणि जमीन कुणाची?" आईनं विचारलं. "सरकारची," नूला म्हणाली, "म्हणजे सगळ्यांची. माझी, तुझी, युअर मॅनची. कुणाला विचारायचं नाही." युअर मॅन म्हणजे तिथल्या भाषेत 'तो अमुक माणूस', कुणीही, पण बाबांना सुरुवातीला वाटायचं की सगळं गाव आईशी त्यांच्याबद्दलच बोलतं. त्यांना ते आवडायचं, म्हणून आम्ही दुरुस्त केलं नाही.

आयर्लंडमध्ये धनुष्यानं शिकार करायला कायद्यानं बंदी आहे. बंदूक आणि परवाना असेल तर करा. नूलाकडे बंदूक नव्हती आणि तिला ती नकोच होती. तेव्हा दर शरदात, हरणांचे नर माजावर येतात त्या दिवसांत, ती विकलोच्या डोंगरात जायची आणि रिकाम्या हातांनी शिकार करायची. माग काढायचा, वारा बघायचा, सरपटत जायचं, बाणाच्या टप्प्यात पोहोचायचं. मग हरणाचा डोळा एखाद्या खोडाआड गेला की हात वर करून नसलेली दोरी गालापर्यंत ओढायची आणि सोडायची. झाली शिकार. हरणाला पत्ताही लागत नाही. हे ऐकून बाबा म्हणाले की असे लोक सांगलीत असते तर मिरजेला पाठवले असते. मिरजेला वेड्यांचा मोठा दवाखाना आहे. आईनं पुढच्या रविवारची ड्यूटी बदलून घेतली.

मग घरात वासाचे कायदे आले. हरणाचं नाक म्हणजे, नूला म्हणायची, तुझं आख्खं चरित्र वाचणारं नाक. शनिवारी आईनं केसांना तेल लावणं बंद केलं. उदबत्ती बंद झाली. आईचा डोंगरात घालायचा कोट घरात ठेवायचा नाही, मागच्या शेडमध्ये टांगायचा, कारण घरात फोडणीचा वास.

"माझ्या फोडणीनं हरणं पळतात?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांच्याच पळतात," आई म्हणाली.

"सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या? इथे फोडणी देतं कोण?"

तो शनिवार शांततेत गेला. बाबांनी रात्री उकडलेले बटाटे वाढले, मीठ लावून. आईनं ते खाल्ले आणि छान झालेत म्हणाली. त्यामुळे गोष्ट आणखी बिघडली.

मी आईबरोबर जायचे, कारण घरी राहिले असते तर बाबांबरोबर त्या रिकाम्या घरांकडे बघत बसावं लागलं असतं. पहिल्या दोन-तीन वेळा मला फक्त ओलं होणं आठवतं. मग एकदा आम्ही पाइनच्या झाडांच्या कडेला पोटावर पडलो होतो. नूलानं बाटलीतून चिमूटभर पावडर हवेत उडवली, ती आमच्याच तोंडावर आली, म्हणजे वारा चांगला. आई पुढे एकटी सरकत गेली. समोर ओढ्याच्या चिखलात एक नर लोळून उठला होता, काळा, निथळता, शिंगांना गवताची लक्तरं लटकलेली. मला इथवर त्याचा वास येत होता, ओल्या गोठ्यात कुणी मूत्राचा हंडा सांडावा तसा. आई एका पडलेल्या खोडाआड गुडघ्यावर उठली. नरानं मान वळवली, डोळा झाडामागे गेला, आणि माझ्या आईनं डावा हात समोर ताठ केला, उजवा हळूहळू गालापर्यंत आणला आणि तसाच धरून ठेवला. ज्या हातानं तिला वर्षभर वेणी घालता येत नव्हती तो हात. मी तिचा चेहरा एका बाजूनं बघत होते. वॉर्डातून आल्यावर असतो तो नव्हता आणि आमच्याशी बोलताना असतो तोही नव्हता. मग तिनं बोटं उघडली. नर चरत चरत निघून गेला. गाडीत बसल्यावर मी इंग्रजीत विचारलं की लागला का. आई म्हणाली, "बरगडीच्या मागे. चांगला बसला," आणि डब्यातला थंड पराठा खायला लागली.

बाबांनी परत जायचं ठरवलं ते मला जेवताना कळलं. त्यांनी ते वरणाची वाटी पुढे करत सांगितलं. शोरूमचे जुने मालक बोलवत आहेत, तिकीट काढलं आहे, पुढच्या गुरुवारचं आहे. माझी शाळा संपेपर्यंत आम्ही दोघींनी इथे राहावं, मग बघू. 'मग बघू' हे शब्द ते फार हळू बोलले. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती भांडेल, निदान विचारेल. तिनं वरण घेतलं, तूप घेतलं आणि म्हणाली, "गरम कपडे इथेच ठेवा. तिकडे लागणार नाहीत." छताकडे बघत मी अलार्म वाजायची वाट बघत राहिले. त्या वेळी वाजला असता तर बरं झालं असतं. आज मला दोघांचंही कळतं, कारण त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या मी कधीच पुढे गेले आहे. तो तिनं थांब म्हणावं म्हणून सांगत होता आणि ती, त्यानं स्वतःहून थांबावं म्हणून गप्प होती. अशी दोन माणसं एकाच घरात खूप वर्षं अतिशय सभ्यपणे राहू शकतात.

जायच्या आधीच्या रविवारी आईनं शेडमधून कोट काढला आणि दारातून विचारलं, "येताय का?" बाबांनी हात पुसले आणि आले. अंगात सांगलीहून आणलेलं चामड्याचं जॅकेट. गाडीत बसताच कांदा-लसूण मसाल्याचा वास पसरला. नूला गाडी चालवत होती. तिनं खिडकी थोडी खाली केली आणि म्हणाली, "ग्रँड." तिथे ग्रँड म्हणजे 'ठीक आहे, चालेल'.

डोंगरावर धुकं वर सरकत होतं. बाबा मागे पडत होते, बूट चिखलात रुतत होते, पण ते तक्रार करत नव्हते आणि हेच मला भीतीदायक वाटत होतं. माणूस जायचं ठरवतो तेव्हा तक्रार करायची थांबतो. इतक्यात वरून आवाज आला.

"कुणाची तरी राजदूत फटफटी सुरू होत नाहीये," बाबा म्हणाले.

"तो नर आहे," आई म्हणाली.

आवाज पुन्हा आला आणि पुन्हा त्याच जागेवरून. नूला थांबली. माजावरचा नर एका जागी राहत नाही, तो माद्यांभोवती फिरतो, दुसऱ्या नरांना हाकलतो. हा मात्र हलत नव्हता. शिवाय आवाजात काहीतरी फाटलं होतं. आम्ही वाऱ्याची पर्वा न करता सरळ वर गेलो.

तिथे जुनं कुंपण होतं, मोडलेलं. कुंपणाची तार आणि शेतकरी वापरतात तो निळा प्लॅस्टिकचा दोर यांचा गुंता नराच्या शिंगांत अडकला होता आणि तो सोडवायला धडपडताना त्यानं तो आणखी आवळून घेतला होता. खांबाभोवती जमीन नांगरल्यासारखी झाली होती. तो गुडघे मोडून बसला होता, जीभ बाहेर, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. आम्हाला पाहून उठायचा प्रयत्न केला, दोर ताणला गेला आणि पुन्हा कोसळला.

नूलानं वळून खाली दरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खाली दरीत बंदूकवाला माणूस मिळेल. तेच बरं. याच्याजवळ जाणं म्हणजे आत्महत्या आहे, शोभा. एवढं मोठं जनावर एका झटक्यात माणूस फाडतं."

आई त्याच्याकडे बघत होती, वॉर्डात नवीन पेशंट आला की बघते तशी. "रक्त नाही," ती म्हणाली. "पाय चारही चालतात. श्वास भरलाय, पण घरघर नाही. हा मरत नाहीये, थकलाय." तिनं कोटाच्या खिशातून बँडेज कापायची कात्री काढली. मग ती कात्री हातात धरून तशीच उभी राहिली, कारण शिंगं आणि कात्री यांच्यामध्ये कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

बाबांनी जॅकेट काढलं. कुणाला काही न विचारता ते लांबून वळसा घालून त्याच्या मागच्या बाजूला गेले. मी "बाबा!" म्हणून ओरडले, ते त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. ते दोन पावलं थांबत, दोन पावलं पुढे जात होते, तोंडानं "हो, हो, हो राजा, हो" असं पुटपुटत, आमच्या आजोळी म्हशीला म्हणतात तसं. मग त्यांनी जॅकेट त्याच्या डोक्यावर टाकलं, शिंगांच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरलं आणि छातीचा सगळा भार त्याच्या मानेवर टाकून झोपले. नर एकदा थरथरला आणि डोळ्यांपुढे अंधार झाल्यामुळे असेल, शांत झाला.

"काप," बाबा म्हणाले.

आईनं दोर कापला. एकेक पेड, घाई न करता, टाके काढतात तसा. नूलानं आपल्या पिशवीतल्या पकडीनं तार पिळून उलगडली. मला फक्त बाबांची पाठ दिसत होती, शर्ट वर सरकलेला, आणि त्यांच्याखालून येणारा तो प्रचंड श्वास, ज्याच्याबरोबर बाबा वर-खाली होत होते.

"सुटलं," नूला कुजबुजली. "विलास, आता हळू मागे..."

हळू मागे व्हायला वेळ मिळाला नाही. आपण सुटलो हे नराला आमच्याइतकंच लवकर कळलं. तो उठला आणि बाबा त्याच्याबरोबर उठले, मग हवेत गेले, मग खांद्यावर दगडांत पडले.

"विलास!"

ती आई होती. मी जन्मल्यापासून आईनं बाबांना 'अहो' सोडून काही म्हटलेलं ऐकलं नव्हतं. डॉक्टरांसमोर 'हे', फोनवर 'मुक्ताचे बाबा'. ते नाव तिच्या तोंडात बसतं हेच मला माहीत नव्हतं. ती चिखलातून धावत गेली, गुडघ्यावर पडली आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला. आधी चेहरा. हाडं नंतर तपासली. नर थोडा वर जाऊन थांबला, शिंगांना लटकलेलं सांगलीचं जॅकेट त्यानं एका झटक्यात झाडीत फेकलं आणि धुक्यात गेला.

बाबांचं गळपट्टीचं हाड, कॉलर बोन, मोडलं होतं. आईनं माझ्या मफलरनं त्यांचा हात बांधला. जवळचं हॉस्पिटल दुसरं होतं, पण ती म्हणाली मलिंगारलाच न्यायचं, आणि नूलानं वाद घातला नाही. परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर बाबांशेजारी होते. बऱ्याच वेळानं बाबा पुढे वाकायचा प्रयत्न करत म्हणाले, "मघाशी काय म्हणालीस?"

"कधी?" आईनं मागे न बघता विचारलं.

"मी पडलो तेव्हा."

"सरका म्हणाले."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. दुखत असणार, कारण प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटत होते. पण तोंड मात्र दुखणाऱ्या माणसाचं नव्हतं.

तिकीट पुढे ढकललं, हाड जुळेपर्यंत. तेवढे दिवस स्वयंपाक आईनं केला. तेव्हा कळलं की तिला स्वयंपाक येत नाही, निदान आता येत नाही. अलार्म एकदाही वाजला नाही. बाबा झोळीत हात घेऊन ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, तेल तापू दे, अजून, अजून, घाबरतेस कशाला, सांबराला नाही घाबरलीस. ती रागानं मोहरी टाकायची आणि मोहरी न तडतडता तेलात बुडायची. दोघं संध्याकाळभर त्या ओट्याशी असायचे. क्लबची माणसं बाबांना भेटायला यायची, हरणावर झोपलेला माणूस कोण ते बघायला. बाबा त्यांना चहा द्यायला लावायचे आणि सगळं पहिल्यापासून सांगायचे. एकदा एक शेतकरी आला, त्यानं गोष्ट ऐकली, चहा संपवला आणि ट्रॅक्टरबद्दल एक शंका विचारली. ते दोघं अंधार पडेपर्यंत बोलत होते. बाबांचं इंग्रजी चांगलं होतं हे मला त्या दिवशी प्रथम ऐकू आलं.

शेवटची तपासणी आईच्याच वॉर्डाखालच्या दवाखान्यात होती. आई ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली, मी शाळेतून. तरुण डॉक्टरानं एक्स-रे उजेडावर लावला, बाबांना हात वर करायला लावला, खाली करायला लावला आणि हसला. "सुरेख जुळलंय," तो इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही अगदी ग्रँड आहात. उद्याच्या विमानानं गेलात तरी चालेल."

बाबांनी मान डोलावली. मग ते आईकडे वळले. ती हाडांच्या वॉर्डातली नर्स, एक्स-रे तिच्यासमोर लावलेला, डॉक्टरचा शब्दन् शब्द तिनं ऐकलेला. बाबांनी तिला मराठीत समजावून सांगितलं.

"म्हणतायत, अजून जपायला हवं. विमान एवढ्यात नको."

आईनं एक्स-रेकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "नकोच."